सांडपाण्यातील देवघेव

'प्रतिजैविक' हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. निदान 'कोर्स पुरा करा, मध्येच गोळ्या सोडू नका' ही डॉक्टरांची ताकीद तरी प्रत्येकाने ऐकलेली असते. परंतु पोटात गेलेल्या गोळीचे पुढे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. कित्येक प्रतिजैविकांचा बराच मोठा भाग शरीरात न बदलता मलमूत्रावाटे बाहेर पडतो. तो संडासातून गटारात आणि शहरात तशी सोय असेल तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जातो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात कशाला नाक खुपसावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच, की रोग शाखा विचारून येत नाही.

या केंद्राची रचना मोठी गमतीची असते. आधी जाळीवर चिंध्या आणि प्लॅस्टिक अडते, मग वाळू खाली बसते आणि पाणी एका मोठ्या उघड्या हौदात येते. त्यात हवा सोडतात. ही 'सक्रिय गाळ' पद्धत १९१४ साली आर्डर्न व लॉकेट या दोघांनी इंग्लंडात मँचेस्टर येथे मांडली आणि आजही ती जगभर वापरात आहे. तिचे मर्म असे, की घाण खाण्याचे काम जीवाणूंकडूनच करून घ्यायचे. हवा मिळाली की ते वाढतात, मैल्यातील सेंद्रिय द्रव्ये फस्त करतात, त्यांचे पुंजके जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. या गाळाचा काही भाग विरजणासारखा पुन्हा हौदात घालतात.

अडचण येथेच सुरू होते. घराघरांतले आणि रुग्णालयांतले जीवाणू या हौदात दाटीवाटीने एकत्र येतात, आणि सोबतीला औषधांचा अल्पसा अंशही असतो. माणसाचे गुण बापाकडून मुलाकडे जातात. जीवाणूंना तेवढ्यावर थांबण्याचे कारण नाही. दोन जीवाणू एकमेकांना चिकटून जनुके देऊ शकतात, हे लेडरबर्ग व टेटम यांनी १९४६ साली दाखवून दिले. औषधाला दाद न देण्याचा गुण पुष्कळदा 'प्लाझ्मिड' नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यावर असतो, आणि त्या कड्याची नक्कल शेजाऱ्याला देता येते. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात एकाच्या वहीवरून साऱ्यांनी टिपणे उतरवून घ्यावीत, तसा हा प्रकार! देणाऱ्याचे काही कमी होत नाही. शिवाय घेणारा त्याच जातीचा असावा असेही नाही. एकाच कड्यावर चारपाच औषधांची उत्तरे लिहिलेली असतात. त्यामुळे एका औषधाच्या धाकाने टिकलेला जीवाणू बाकीच्या औषधांनाही जुमानीत नाही.

हे सारे प्रयोगशाळेतले, असे वाटेल. म्हणून दिल्लीची हकीकत सांगतो. 'कार्बापेनेम' ही औषधे डॉक्टर अगदी शेवटी बाहेर काढतात. त्यांनाही निकामी करणारे एक जनुक दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनमध्ये गेलेल्या एका रुग्णाच्या जीवाणूंत २००८ साली सापडले आणि त्याला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात 'एनडीएम-१', असे नाव पडले. या नावावरून आपल्याकडे मोठे वादळ उठले. राजधानीचे नाव रोगाला का, हा प्रश्न रास्तच होता. पण नावाची चर्चा जेवढी झाली तेवढी गटारांची झाली नाही, असे मला वाटते. २०११ साली टिमथी वॉल्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. रस्त्यांवर व गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक होते. कॉलऱ्याच्या आणि आमांशाच्या एका जीवाणूतही ते पोचले होते! या जनुकाची देवघेव २५ किंवा ३७ अंशांपेक्षा ३० अंश सेल्सिअसला अधिक होते, असेही त्यांना दिसले. म्हणजे रुग्णाच्या तापलेल्या शरीरापेक्षा आपली उबदार गटारेच या व्यवहाराला सोयीची.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूची गोष्ट याहून विलक्षण आहे. तेथील सामायिक शुद्धीकरण केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे पाणी येत असे. शुद्धीकरणानंतर बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे स्वीडनच्या लार्सन यांनी व सहकाऱ्यांनी २००७ साली जाहीर केले. पुढे २०१३ साली पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी त्यांच्यासमवेत तेथील जीवाणू तपासले, तेव्हा ८६ टक्के वाण वीस किंवा अधिक प्रतिजैविकांना पुरून उरणारे निघाले.

मग शुद्धीकरण केंद्रे बंद करावीत काय? मुळीच नाही. हौदातून गेलेल्या पाण्यातील जीवाणू साधारणतः दहा ते शंभर पटींनी घटतात. न शुद्ध केलेले पाणी त्याहून कितीतरी घातक. मात्र क्लोरीनने जीवाणू मेला तरी त्याचे जनुक काही काळ पाण्यात टिकते आणि दुसरा कोणी ते उचलू शकतो. तळाचा गाळ खत म्हणून शेतात गेला तर ही शिदोरी तेथेही पोचते. आपली पहिली उणीव त्याही आधीची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण होत होते २०,२३६ दशलक्ष लिटरचे.

युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात मोठ्या शहरांच्या सांडपाण्यातील ही रोधकता मोजणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणते प्रतिजैविक किती असावे याच्या मर्यादा मसुद्यात घातल्या होत्या. २०२१ मध्ये नियम अंतिम झाले, तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या.