संगणकाचाही फेरफार करावा लागतो



धानाची बांधी विकत घेतली, पैसे मोजले, खरेदीखत झाले, की काम संपले असे आपल्या गोंदिया जिल्ह्यातला कोणताही शेतकरी म्हणणार नाही. तो तलाठ्याकडे जातो. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराच्या वहीत नोंद पडते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात, आणि मग सातबाऱ्यावरचे जुने नाव जाऊन आपले नाव येते. जुनी मोटारसायकल घेतली तरी एमएच-३५ च्या कागदावर आपण नाव चढवून घेतो.

पण वापरलेला संगणक घेतला तर? त्याला ना तलाठी, ना आरटीओ. आपण तो घरी आणतो, बटण दाबतो, आणि पडद्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी नाव येते. पुष्कळ मंडळी मग एवढेच करतात, की ते नाव बदलून आपले घालतात. मला आज सांगायचे आहे ते हेच, की हा फेरफार नव्हे. ही नुसती दारावरची पाटी बदलणे झाले. घरात जुना मालक अजून राहतोच आहे!

कसा राहतो, ते पाहा. असे समजा, सालेकसा तालुक्यातल्या एका गुरुजींनी जुना लॅपटॉप घेतला. वरचे नाव बदलले, पण आत मायक्रोसॉफ्टचे खाते जुन्या मालकाचेच राहिले. गुरुजींनी वर्गातल्या मुलांची यादी केली. तीत जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर घातले, आणि ती फाइल डेस्कटॉपवर ठेवली. त्या खात्यात डेस्कटॉपची प्रत वनड्राइव्हवर ठेवण्याची सोय चालू असेल, तर इंटरनेट मिळताच ती यादी जुन्या मालकाच्या खात्यात जाऊन बसते. गुरुजींना पत्ता नाही, आणि त्या मालकाने ती मागितलेलीही नाही. चूक कुणाची? फेरफार न करण्याची.

उलटही होते. विकणाऱ्याचे बँकेचे पासवर्ड, पासबुकाचे फोटो, घरचे कागद त्या यंत्रात राहून जातात. तो म्हणतो, “मी सगळे डिलीट केले, कचरापेटीही रिकामी केली.” पण पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचे नाव खोडले म्हणून धडा पानावरून जात नाही. हार्ड डिस्कचे तसेच आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार माणूस जुने वाचू शकतो.

तेव्हा रीत काय? पहिले काम विकणाऱ्याचे. त्याने आपल्या कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात आणि सर्व खात्यांतून बाहेर पडावे. अॅपलचा संगणक असेल तर ‘फाइंड माय’ ही सोय त्यानेच बंद केली पाहिजे. नाही तर यंत्र पुसल्यावरही कुलूपबंद राहते, आणि किल्ली त्याच्याजवळ. विंडोज सुरू होण्याच्याही आधी पासवर्ड विचारणारे यंत्र असेल, तर तो पासवर्ड त्याच्याकडून काढून घ्यावा.

दुसरे काम यंत्र कोरे करण्याचे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग रिकव्हरी असे जावे. तिथे ‘रिसेट धिस पीसी’ आहे. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे, आणि पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ला होय म्हणावे. याला काही तास लागू शकतात. म्हणून चार्जर लावून ठेवावा, आणि वीज जाण्याची भीती असेल त्या दिवशी हे काम काढू नये. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा खरा परवाना त्याने जात नाही. तो त्या यंत्राशी बांधलेला असतो आणि इंटरनेट लागताच परत ओळखला जातो.

हे कोरे करणे होता होईल तो पूर्ण पैसे देण्यापूर्वी, विकणाऱ्याच्या समोर करावे, आणि मोबाइलचे नेट जोडून पहिला पडदा पाहावा. तिथे एखाद्या कंपनीचे नाव आले आणि तिचा ई-मेल मागितला, तर समजावे की हे यंत्र कंपनीच्या दप्तरातून अजून सुटलेले नाही. कंपनीने सोडल्याशिवाय ते घेऊ नये.

तिसरे काम आपले नाव चढवण्याचे. इथे घाई नको. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली, तर विंडोज ई-मेलची पहिली पाच अक्षरे घेऊन आपला आतला कप्पा तयार करतो. मागाहून वरचे नाव बदलले तरी कप्प्याचे नाव तेच राहते. आणि गुरुजी, शाळेचा संगणक असेल तर तो स्वतःच्या खात्याने सुरू करू नका, शाळेच्या खात्याने करा. नाही तर तुमची बदली झाली, की पुढच्या गुरुजींपुढे हाच घोळ पुन्हा. डिस्कला कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात साठते. ती शाळेच्या दप्तरात लिहून ठेवावी.

यंत्र फार जुने असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ची नेहमीची सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ प्रत्येक जुन्या यंत्रावर चालत नाही. अशा यंत्रावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली किंवा सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणाली फुकट घालता येते, आणि तिच्यावर मराठी लिहिता येते.

शेवटी पावती. सातबाऱ्याला जसा गट नंबर, तसा प्रत्येक संगणकाला अनुक्रमांक असतो. लॅपटॉपच्या बुडाशी तो बहुधा छापलेला असतो. पावतीवर तो अनुक्रमांक, तारीख, किंमत आणि विकणाऱ्याची सही घ्यावी. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे समजण्यास कारण असून तो घेणे, हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे. पावती हाती असली म्हणजे आपण वस्तू कुणाकडून आणि कशी घेतली, हे सांगता येते.

दुसऱ्याच्या नावाच्या बांधीत आपण धान रोवत नाही. मग आपल्या मुलांची नावे दुसऱ्याच्या नावाच्या संगणकात का लिहावी? आधी फेरफार करा, मग काम सुरू करा.