गोडाऊनमध्ये उणे १४९ मीटर पाईप!

समजा, डेटाबेसला दिलेली कमांड दुकानातही खरी व्हायला लागली तर? 'ड्रॉप टेबल' म्हटलं की गल्ल्याचं टेबल धाडकन खाली. 'रोलबॅक' दाबलं की गिऱ्हाईक उलट्या पावलांनी आत आणि प्यायलेला चहा परत कपात. 'डिलीट'ला अट लावायची राहिली, तर अख्खं दुकान गायब, नुसतं शटर शिल्लक!

आमच्या ओझरला एचएएलमध्ये सुखोई विमानं तयार झाली, पण गुरुत्वाकर्षणाने त्यांनाही सूट दिली नाही. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर मात्र अशी सूट रोज देतं. स्टॉक रिपोर्ट उघडा आणि उणे आकडे शोधा.

ठिबकचं दुकान घ्या. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, द्राक्षवाल्यांची गर्दी. समजा, ४०० मीटर लॅटरलचं एक बंडल आलं. खरेदीत पोराने टाकलं '१'. विकताना १५० मीटर कापून दिली, बिलात '१५०'. स्टॉक झाला उणे १४९! रॅकवर मात्र २५० मीटर पाईप डोळ्यांना दिसतोय.

इथे बरेच जण काय करतात? १४९ची अ‍ॅडजस्टमेंट टाकून शून्य करतात. झाली जादू, हवेतून माल तयार! आता ते २५० मीटर कोणी उचलून नेले तरी रिपोर्ट गप्पच बसणार. शिवाय सॉफ्टवेअरच्या हिशोबात एका मीटरची खरेदी किंमत अख्ख्या बंडलाएवढी. मग नफ्याचा आकडा काय कामाचा? आणि सीसी लिमिट असेल तर बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट याच रिपोर्टवरून जातं.

उपाय साधा आहे. आयटम बनवतानाच १ बंडल = ४०० मीटर असं युनिट बांधा. तरी उणे दिसलं तर आधी बघा: खरेदीचं बिल चढवायचं राहिलं का? एकाच मालाची दोन नावं झालीत का?

मागच्या तारखेची एंट्री हा तर सरळ भूतकाळातला प्रवास. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं. कोणी, कधी, काय बदललं ते त्यात राहतं. प्रोप्रायटर दुकानाला ही सक्ती नाही, तरी माझं मत विचाराल तर चालू ठेवाच.

या रविवारी सगळ्यात जास्त खपणाऱ्या दहा वस्तू मोजा. आकडे आधी कागदावर लिहा, स्क्रीन नंतर उघडा. मोजणाऱ्याला रिपोर्ट दाखवू नका, नाहीतर तो तोच आकडा 'मोजून' आणेल!