गोंगाटासाठी घडलेली एकटेपणाची गाणी

नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाला २८ नोव्हेंबर २०२५ ला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्याच महिन्यात ग्रॅमीची नामांकनं आली आणि त्यांत प्रथमच ‘ट्रॅडिशनल कंट्री’ अल्बमसाठी वेगळा वर्ग होता. तेव्हा ९२ वर्षांचे असलेले गायक विली नेल्सन आणि त्यांचा मुलगा ल्युकस एकाच यादीत आले. बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’नं कंट्री अल्बमच्या ग्रॅमीत बाजी मारल्यानंतर काही महिन्यांतच हा वर्ग निघाला, त्यामुळे व्हायचा तो वाद झाला. मला त्या वादापेक्षा ‘पारंपरिक’ या शिक्क्याविषयी बोलायचं आहे. हा शिक्का ज्या गाण्यांवर सर्वांत आधी बसतो, त्या हाँकी-टाँक गाण्यांवर माझा फार जीव आहे. पण ती आली तेव्हा परंपरेच्या राखणदारांना ती सहजासहजी पचली नव्हती.

हाँकी-टाँक म्हणजे टेक्ससच्या हमरस्त्यालगतचा दारूचा अड्डा. १९३० साली पूर्व टेक्ससमध्ये तेलाचं प्रचंड क्षेत्र सापडलं आणि १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली. शेती सोडून विहिरींवर मजुरीला आलेल्या माणसांच्या खिशात पगार होता, पण घर मागे राहिलं होतं. संध्याकाळी ती अशा अड्ड्यांवर जमायची. कोपऱ्यातल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजायचं. आज ज्या गाण्यांनी म्हाताऱ्या अमेरिकनांना आपलं तरुणपण आठवतं, ती गाणी मुळातच आठवणीनं बेजार झालेल्या माणसांसाठी तयार झाली होती.

हाँकी-टाँक गायक अर्नेस्ट टब एक किस्सा सांगत असत. ज्यूकबॉक्स चालवणाऱ्या एकानं त्यांना सांगितलं, दुपारी जागा रिकामी असते तोवर तुमची रेकॉर्ड छान वाजते. रात्री गर्दी झाली की काही ऐकूच येत नाही. टब यांनी साथीला इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि १९४१ मध्ये ‘वॉकिंग द फ्लोअर ओव्हर यू’ रेकॉर्ड केलं. रात्रभर खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसाचं ते गाणं, बाटल्यांच्या खणखणाटातही ऐकू जाईल अशा बेतानं वाजवलेलं. मला हाँकी-टाँकचं सगळं मर्म या एका तडजोडीत दिसतं. ज्या ऑप्रीची आता शताब्दी झाली, तिच्या मंचावर त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षं ड्रम्सना मज्जाव होता.

मग आली पेडल स्टील गिटार. तिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. तारांवरून लोखंडी दांडा सरकवत वाजवायची ही पद्धत हवाईची. तिचं श्रेय जोसेफ केकुकु यांना दिलं जातं. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईच्या संगीताची अमेरिकेभर लाट आली आणि ही गिटार कंट्रीवाल्यांच्या हाती पडली. पुढे तिला पायानं दाबायची पेडलं लागली. पेडल दाबलं की वाजत असलेली तार ताणली जाते. सोबतचे सूर जागच्या जागी राहतात आणि एकच सूर त्यांच्यामधून वर चढतो. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’मध्ये बड आयझॅक्स यांनी १९५४ साली हे ऐकवलं आणि नॅशव्हिलच्या स्टीलवादकांनी आपापल्या वाद्यांना पेडलं बसवायला घेतली. आपण जिला मींड म्हणतो तीच ही, फक्त स्वरमेळाच्या आतून काढलेली.

कंट्रीतलं काहीही कळत नसताना हा आवाज मला ओळखीचा वाटला, कारण तो मी लहानपणीच रेडिओवर ऐकला होता. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात गिटारवर फिल्मी गाण्यांच्या धुना लागत, शब्दांशिवाय. व्हॅन शिपली यांच्या रेकॉर्ड्स तेव्हा घरोघरी होत्या. हे वाद्य इकडेही हवाईहूनच आलं. ताउ मो यांचं कुटुंब १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिलं आणि ताउ मो यांनी तिथे शिष्य तयार केले. पुढे ब्रिजभूषण काबरांनी याच गिटारवर राग वाजवले. त्यामुळे रे प्राइसचं ‘क्रेझी आर्म्स’ लागलं की मला टेक्सस दिसत नाही. दुपारची जेवणं उरकलेलं आमचं स्वयंपाकघर दिसतं, फळीवरचा रेडिओ आणि ताटं विसळणारी आई. १९५६ मध्ये वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं हे गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, राल्फ मूनी, स्वतः स्टीलवादक होते.

हँक विल्यम्सना तर या परंपरेचे मूळपुरुष मानतात. त्यांना घडवणारा गुरू म्हणजे अलाबामातले कृष्णवर्णीय रस्त्यावरचे गायक रुफस पेन. जून १९४९ मध्ये ज्या ‘लव्हसिक ब्लूज’नं हँकनी ऑप्री डोक्यावर घेतली, ते १९२२ चं रंगभूमीच्या वळणाचं शहरी गाणं. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९५२ मध्ये, दारूपायी ऑप्रीनंच त्यांना काढून टाकलं. १ जानेवारी १९५३ ला कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर ते गेले, वय २९. ‘युअर चीटिन हार्ट’ त्यानंतर बाजारात आलं. हवाईची गिटार, कृष्णवर्णीय गुरू, शहरी गाणं. यातलं शुद्ध काय आणि बाहेरचं काय, हे कुठल्या समितीनं ठरवायचं?

अड्ड्यावरच्या गाण्यांत दोष बहुतेक वेळा बाईच्या पदरात पडे. हँक थॉम्पसन यांचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ १९५२ मध्ये पंधरा आठवडे पहिलं होतं. त्यात संसार मोडून बारमध्ये रमणाऱ्या बाईला बोल लावलेला. त्याच वर्षी किटी वेल्सनी त्याच चालीत उत्तर दिलं, कलगी-तुऱ्यातल्या जवाबासारखं रोखठोक: बाई बिघडते त्यामागे तिला फसवणारा नवराही असतो. गाण्याचं नाव ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’. किटी तेव्हा बत्तिशीच्या, तीन मुलांची आई. रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळतील म्हणून त्या स्टुडिओत गेल्या होत्या. एनबीसी रेडिओनं गाण्यावर बंदी घातली, ऑप्रीनंही सुरुवातीला ते गाऊ दिलं नाही. तरी ते चढत गेलं आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिला क्रमांक गाठणाऱ्या किटी पहिल्या एकल गायिका ठरल्या. आवाजात आदळआपट नाही, रडणंही नाही; घरातली मोठी जाऊ एखादी गोष्ट एकदाच सांगते, तसा सूर. लोरेटा लिननी १९६६ मध्ये पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला सरळ दारातच अडवलं, ती वाट किटींनी मोकळी केली होती.

‘पारंपरिक’ची ती पहिली यादी पाच नावांची होती: चार्ली क्रॉकेट, झॅक टॉप, दोघे नेल्सन आणि मार्गो प्राइस. पाचांत बाई ही एकच, अल्बम ‘हार्ड हेडेड वुमन’. मला विचाराल तर माझं मत तिलाच होतं.