शिकायचे मोबाईलवर, राबायचे अंगणवाडीत

१ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाला मानवंदना देऊन आपण परततो. त्याच रस्त्यावर सणसवाडीचे कारखाने आहेत, कामगारांच्या खोल्या आहेत. तिथल्या पोरांना पहिले अक्षर कोण दाखवते? अंगणवाडीची ताई!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या ताईलाच विद्यार्थिनी केले. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. काम न सोडता मोबाईल-टीव्हीवर शिकायचे, महिन्यातून किमान एकदा समक्ष वर्ग. कल्पना वाईट नाही. घरदार सोडून पुण्याच्या कॉलेजात जाणे कोणाला परवडते?

पण २०२१ मध्ये याच सेविकांनी शासनाचे निकृष्ट मोबाईल परत केले होते, हे विसरून कसे चालेल?

शहरी कोर्सची मुलगी काही आठवडे बालवाडीत बसते, त्याला प्रात्यक्षिक म्हणतात, गुण देतात. मग वीस वर्षे पोरे घडवणाऱ्या सेविकेला किती गुण? ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम मांडले. दलित वस्तीतली पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगण आधी, अभ्यासक्रम मागाहून!

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. शासन मात्र त्यांच्या पगाराला अजून मानधनच म्हणते. पदविकेने त्यात किती भर पडणार, हे शासनाने आधी लेखी द्यावे. मग ताई रात्री भांडी उरकून मोबाईल उघडेल.