रातांब्याचा पैसा कुठे असतो?

वहाळाच्या काठी, बांधावर किंवा पोफळीच्या सावलीत रातांबा, म्हणजेच कोकम, न लावताही उगवतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे हे मूळचे झाड सदाहरित आणि शेंड्याकडे निमुळते असते. त्याच्या फांद्या खाली झुकलेल्या दिसतात. फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि अडचणीलाही तेव्हाच सुरुवात होते. पिकलेला रातांबा फार दिवस टिकत नाही. त्यातच मेअखेर वळीव कोसळतो, तेव्हा बरीच फळे अजून झाडावरच असतात. मग ती कुजून जातात किंवा मिळेल त्या भावाने विकावी लागतात. म्हणून रातांब्याचा पैसा कुठे असतो हे समजायला फळ फोडल्यावर पुढे काय होते ते पाहिले पाहिजे.

फळ मधोमध फोडले की तीन जिन्नस हाती येतात: जाड लाल साल, आंबट-गोड पांढरट गर आणि गरातल्या बिया. साल एका बाजूला ठेवतात. गर आणि बिया भांड्यात घेऊन त्यात मीठ घालतात. मिठाने गराला रस सुटतो. या रसात साली बुडवून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी काढून कडक उन्हात पसरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा रसात टाकायच्या. असे पाच-सात वेळा केले की लाल साल काळसर जांभळी होते आणि आंबटपणा तिच्यात मुरतो. हेच आमसूल. चांगले आमसूल बोटाने दाबले तर मऊ लागते. त्यावर मिठाची पांढरी खर फुटली असेल, तर वजन वाढवायला मीठ जास्त घातले आहे असे समजावे. आमसुले करणाऱ्या बायकांची बोटे मे महिनाभर जांभळी असतात.

साली साखरेच्या थरांत भरून बरणी उन्हात ठेवली की अमृतकोकम तयार होते. भरपूर मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ. सोलकढीला तोच वापरतात. आमटीत, बांगड्याच्या तिखल्यात आमसूल लागतेच, आणि अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी चोळतात.

बियांचे मोल सगळ्यात कमी ओळखले जाते. बिया धुऊन वाळवतात, फोडतात, आतला मगज वाटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारे तेल काढून घेतले की ते थंड होऊन गोठते. त्याचे मुठीत वळलेले गोळे म्हणजे मुठेल. पायाच्या भेगांवर कोकणात हेच लावतात. ही चरबी साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून खोलीत घट्ट राहते आणि अंगावर चोळली की पसरते. याच गुणामुळे तिला साबण, मलम आणि सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात मागणी आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटसाठी जो नियम केला, त्यात कोको बटरखेरीज थोड्या प्रमाणात चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींत कोकमाचाही समावेश आहे. तरीही अनेक घरांत आमसुले झाली की बिया उकिरड्यावर जातात.

लागवड करायची असेल तर आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावून वाढवलेले झाड फुलायला सात-आठ वर्षे घेते आणि तोवर ते फळणार की नाही हे कळत नाही. त्यामुळे कलमच लावावे. कलमासाठी काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी घेतली तर झाड जमिनीलगत पसरत राहते, उंच होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा जाती दिल्या आहेत. अमृताची फळे पावसाआधी हाती येतात, हातीसची फळे मोठी असतात. मादी कलमांमध्ये परागासाठी थोडे नर ठेवावेत.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर कच्चा रातांबा व्यापाऱ्याच्या टेम्पोत भरून मोकळे होऊन चालणार नाही. चार घरांनी मिळून वाळवणीसाठी प्लास्टिकचे छप्पर घातलेला मांडव उभारला, तर वळिवातही साली वाचतील. बिया एकत्र जमवल्या तर घाणीवाल्याला पुरतील इतक्या होतील. साल, रस आणि बी यांचे तिन्ही पैसे गावातच राहिले, तर बांधावरचा हा रातांबा तोडायचा विचार कोणी करणार नाही.