मुंबई–नागपूर : दीड तासाचा खरा हिशेब

विलेपार्ले पूर्वेला विमानतळाच्या आसपासच्या वस्त्यांतून दिवसभर डोक्यावरून विमाने जाताना दिसतात. कष्टकरी घरावर मात्र विमानात बसण्याची वेळ बहुधा आनंदात येत नाही. गावाकडून फोन येतो, "बाबांचे काही खरे नाही, ताबडतोब निघा." विदर्भातील माणसापुढे तेव्हा एकच प्रश्न असतो : विमानाने गेलो तर किती लवकर पोहोचू?

जो तो सांगतो, "दीड तास." हा दीड तास नीट समजून घेतला पाहिजे.

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर आहे. रेल्वेने ते 837 किलोमीटर भरते, कारण गाडी कसारा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा अशी जाते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा असून त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला; पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तेथून पार्ल्यापर्यंतची गर्दी वेगळी मोजावी लागते.

जेट विमान ताशी 800 किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने पाऊण-एक तास पुरे. मग वेळापत्रकात दीड तास का? कारण विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. चढताना आणि उतरताना वेगही कमी असतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांची रांग लागते.

आता घरापासूनचा हिशेब मांडू. पार्ल्यातून विमानतळ अर्धा तास, दोन तास आधी हजेरी, दीड तास प्रवास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. झाले साडेचार तास. पुढे भंडाऱ्याकडे जायचे तर आणखी दोन तास. रेल्वेला नागपूरपर्यंतच बहुतेक गाड्यांनी चौदा-पंधरा तास लागतात. फरक मोठा आहे, पण विमान लगेच असेल तरच! दुपारी फोन आला आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळचेच मिळत असेल, तर संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेसही सकाळी नागपुरात पोहोचते. मग जास्तीचे पैसे कशासाठी?

ऐनवेळचे विमानभाडे फार चढते. दोन वर्षांवरील मुलालाही बहुधा पूर्ण तिकीट पडते. रेल्वेत स्वतंत्र जागा न घेतल्यास पाच वर्षांखालील मूल मोफत जाते. म्हणून व्याजाने कर्ज काढून सारे घर विमानात बसवू नये. ज्याने पोहोचलेच पाहिजे त्याने विमानाने जावे, बाकीच्यांनी रेल्वेने यावे. नवी मुंबईचा विमानतळही आता झाला आहे, तेव्हा तिकिटावर विमानतळ व टर्मिनल आधी वाचावे.

वेळेवर पोहोचण्याचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. 6 डिसेंबर 1956 च्या रात्री बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने सांताक्रूझला आले, म्हणूनच दुसऱ्या दिवशी मुंबईत लाखोंना अंत्यदर्शन घडले. नागपूरच्या विमानतळाला 2005 मध्ये त्यांचेच नाव दिले गेले. तिथे उतरण्याची वेळ आली तर घाबरून नव्हे, हिशेब करून तिकीट काढा. घड्याळ आणि खिसा दोन्ही पाहा; पण आईवडिलांचा श्वास चालू असताना पोहोचता येत असेल, तर त्या एका तिकिटाचा खर्च वाया गेला असे मानू नका.