प्ररोचना आणि निर्वहण : अखेरच्या खंडाविषयीचे वाचकांचे तर्क

एखादी कथामालिका अनेक वर्षे खंडशः प्रसिद्ध होत असते. तिचा अखेरचा खंड जाहीर होतो, आणि तो हाती येण्यापूर्वीच वाचक तिच्या शेवटाविषयी तर्क करू लागतात. या तर्कांना आधार असतो तो मुखपृष्ठाचा, जाहिरातीतील एखाद्या वाक्याचा, आणि अलीकडच्या काळात प्रकाशनपूर्व चित्रफितीत क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या एखाद्या वस्तूचा. चित्रफीत जागोजाग थांबवून तिच्यातील चिन्हांचा आधीच्या खंडांशी मेळ घालणारा वाचकवर्ग आज सर्वत्र आढळतो. हा केवळ उत्साही वाचकांचा खेळ आहे असे मानून अभ्यासक त्याकडे पाठ फिरवतात. वस्तुतः वाचन चालू असताना वाचकाच्या मनात काय घडते याचा जो थोडाफार लेखी पुरावा उपलब्ध होतो, त्यात या तर्कांचे स्थान महत्त्वाचे आहे.

या विषयाच्या विवेचनास लागणारी परिभाषा आपल्या नाट्यविचारात पूर्वीपासून सिद्ध आहे. भरताने पूर्वरंगाच्या अंगांत ‘प्ररोचने’चा समावेश केला आहे. प्रयोगाविषयी प्रेक्षकांच्या मनात औत्सुक्य निर्माण करणे हे तिचे कार्य होय. पाच संधींपैकी शेवटचा संधी ‘निर्वहण’. मुखसंधीत पेरलेल्या आणि पुढे विखुरलेल्या अर्थांचा उपसंहार त्यात होतो. या दोहोंखेरीज ‘पताकास्थानक’ ही संज्ञाही येथे उपयोगी पडते. एका हेतूने योजलेले शब्द जेव्हा भावी घटनेची अनपेक्षित सूचना देतात, तेव्हा पताकास्थानक होते. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत याने मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, जाहिरात इत्यादी ग्रंथाच्या परिसरातील घटकांचा विचार १९८७ साली एका ग्रंथात केला. त्या ग्रंथाला त्याने दिलेल्या नावाचा अर्थ ‘उंबरठे’ असा आहे. उंबरठा घराचा असतो, पण तो घर नव्हे. अखेरच्या खंडाविषयी तर्क करणारा वाचक प्ररोचनेलाच पताकास्थानक समजून वाचत असतो. म्हणजे विक्रीसाठी रचलेल्या मजकुरात तो लेखकाचा संकेत शोधतो. हे वाचन कोठवर सयुक्तिक ठरते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

या प्रकारचे सर्वांत बोधप्रद उदाहरण चार्ल्स डिकन्सच्या ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ या कादंबरीचे होय. ती बारा मासिक भागांत पूर्ण व्हावयाची होती. पहिला भाग एप्रिल १८७० मध्ये निघाला. ९ जून १८७० रोजी लेखकाचे निधन झाले आणि सहाच भाग प्रसिद्ध होऊ शकले. प्रत्येक भागाचे वेष्टन मात्र एकच होते. डिकन्सचा जावई चार्ल्स कॉलिन्स याने चितारलेल्या त्या वेष्टनावर कथेतील निरनिराळे प्रसंग सूचित केले होते. त्यांपैकी तळाच्या चित्रात हाती कंदील घेतलेला एक पुरुष अंधाऱ्या जागेत प्रवेश करतो आणि समोर उभी असलेली एक व्यक्ती त्याच्या दृष्टीस पडते. ही व्यक्ती कोण? नाहीसा झालेला ड्रूड जिवंत आहे, की त्याच्या वेषात दुसराच कोणी उभा आहे? रिचर्ड प्रॉक्टरने १८८७ मध्ये आणि अँड्रयू लँगने १९०५ मध्ये या रहस्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. कादंबरीचा चित्रकार ल्यूक फाइल्ड्स याने १९०५ सालीच प्रसिद्धपणे सांगितले की, जॅस्परच्या गळ्यात दुहेरी वेढ्याचा गळपट्टा दाखवावा असा डिकन्सचा आग्रह होता, कारण त्यानेच तो ड्रूडचा गळा आवळणार होता. पुढे १९१४ मध्ये लंडनला जॅस्परवर एक लुटुपुटीचा खटलाही चालवण्यात आला. त्यात चेस्टरटन न्यायाधीश आणि शॉ पंचांचा प्रमुख होता. निर्वहण कधीच लिहिले गेले नाही, तेव्हा प्ररोचना हाच त्याचा एकमेव अवशेष उरला, आणि कोणताही तर्क अंतिमतः खरा वा खोटा ठरण्याची शक्यता संपली.

याच्या नेमके उलट उदाहरण हॅरी पॉटर मालिकेच्या सातव्या आणि अखेरच्या ग्रंथाचे आहे. त्याचे शीर्षक २१ डिसेंबर २००६ रोजी जाहीर झाले, मुखपृष्ठे मार्च २००७ मध्ये दाखवण्यात आली आणि ग्रंथ २१ जुलै २००७ रोजी प्रकाशित झाला. पहिल्या चोवीस तासांत एकट्या अमेरिकेत ८३ लाख प्रती खपल्या. मधल्या महिन्यांत अमेरिकन प्रकाशकाने वाचकांपुढे प्रश्नच मांडले होते : कोण जगेल, कोण मरेल, स्नेप सुष्ट की दुष्ट? म्हणजे तर्काची दिशा विक्रेताच आखून देत होता. ब्रिटिश मुखपृष्ठावर तिन्ही प्रमुख पात्रे सुवर्णाच्या राशीत पडताना दिसत. त्यावरून ग्रिंगॉट्स पेढीच्या तळघराचा तर्क बांधला गेला आणि तो खरा ठरला. अमेरिकन मुखपृष्ठावर आरक्त आकाश, दोन्ही कडांना पडदे आणि हात उंचावलेला हॅरी होता. त्या पडद्यांचा अर्थ लावताना मात्र अनेकांचे तर्क भरकटले. रंगमंचाच्या पडद्यासारखी ती केवळ शोभा होती. मुंबईत मिळणारी इंग्रजी आवृत्ती ब्रिटिश मुखपृष्ठाची होती. अमेरिकन मुखपृष्ठ येथील वाचकाने पाहिले ते संगणकाच्या पडद्यावर. जो ग्रंथ आपल्या हाती येणारच नाही त्याच्या उंबरठ्यावरून तो आपल्या ग्रंथाचा अंतर्भाग अजमावत होता.

या मालिकेतील सर्वांत निर्दोष तर्क जाहिरातीवरून झाला नाही, अनुवादांवरून झाला. सहाव्या ग्रंथात (२००५) एका चिठ्ठीखाली ‘आर. ए. बी.’ अशी आद्याक्षरे होती. ‘ब्लॅक’ या आडनावाचे भाषांतर करणाऱ्या डच, नॉर्वेजियन आणि फिनिश आवृत्त्यांत शेवटचे अक्षर त्या त्या भाषेतील ‘काळा’ या अर्थाच्या शब्दाप्रमाणे बदललेले आढळले, आणि अज्ञात व्यक्ती ब्लॅक कुळातील आहे हे स्पष्ट झाले. विशेषनामे तशीच ठेवून केवळ लिप्यंतर करणाऱ्या अनुवादात असा माग लागला नसता. येथे संकेत कोणी हेतुपुरस्सर दिला नव्हता. कर्तव्यनिष्ठ अनुवादकाच्या हातून तो प्रकट झाला. भरताच्या अर्थाने खरे पताकास्थानक हेच होय.

या उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. प्ररोचनेवरून निर्वहणाचा तर्क सयुक्तिक ठरण्यास दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली, शेवट लेखकाने निश्चित केलेला असला पाहिजे. दुसरी, प्ररोचना रचणाऱ्याला तो शेवट, निदान अंशतः, ठाऊक असला पाहिजे. ड्रूडच्या बाबतीत वेष्टनामागे लेखकाच्या सूचना होत्या, परंतु पडताळा घेण्यास शेवटच उरला नाही. पॉटरच्या बाबतीत शेवट निश्चित होता, परंतु चित्रातील कोणता तपशील कथेतून आला आणि कोणता केवळ सजावटीतून, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या चित्रफितींना दुसरी अट अधिकच कठोरपणे लावावी लागते, कारण त्या बहुधा प्रकाशनसंस्थेचा विक्रीविभाग तयार करतो.

मराठी वाचनव्यवहाराकडे या दृष्टीने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येत गेल्या, आणि त्यांपैकी काही अपूर्णच राहिल्या. का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ १८९५ पासून मुंबईत निघू लागले. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, आणि १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळच्या गिरणी कामगारांपर्यंत वाचनालये पोहोचविली. पुढे गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींच्या आश्रयाने भाडोत्री वाचनालये चालली, आणि त्यांच्या फळ्यांवर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड विराजमान झाले. अर्नाळकरांच्या कथांची संख्या सहस्राच्या घरात जाते. मात्र या मालिकांना निर्वहण नव्हते. प्रत्येक कथेतील रहस्य तिथेच सुटे आणि नायक पुढील कथेसाठी सुरक्षित राही. साहजिकच वाचकाचा तर्क ‘गुन्हेगार कोण’ एवढ्यापुरता असे. ‘या नायकाचे अखेर काय होणार’ असा प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद आले तेही मूळ ग्रंथांच्या मागाहून. केवळ मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या रहस्याचा बराच भाग अगोदरच सार्वजनिक झालेला होता.

तथापि हे अनुमान पूर्णपणे तपासता येत नाही, आणि त्याचे कारण संशोधकांनी मनावर घेण्यासारखे आहे. ड्रूडच्या वेष्टनावर दीडशे वर्षे वाद चालू शकला, कारण संग्राहकांनी सुटे भाग वेष्टनासह जपले. आपल्याकडे भाड्याने देण्याचे पुस्तक टिकावे म्हणून त्यास जाड पुठ्ठ्याची बांधणी करीत. त्या बांधणीत रंगीत मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पाने सहसा गळून पडत. वार्षिक खंड बांधताना मासिकांचीही हीच गत होई. ज्या पानांवरून गिरगाव-परळच्या वाचकाने पुढील कथेची अटकळ बांधली असेल, नेमकी तीच पाने ग्रंथालयांतून नाहीशी झाली आहेत. मजकूर राहिला, पण उंबरठा गेला.

चित्रफितींची स्थिती याहून बरी नाही. प्रकाशन होऊन गेल्यावर त्या काढून घेतल्या जातात, संकेतस्थळे नव्याने रचली जातात, आणि वाचकांनी मांडलेले तर्क त्यांच्याबरोबर लुप्त होतात. मराठी वाचकाच्या अभिरुचीचा इतिहास लिहावयाचा असेल तर ग्रंथालयांनी यापुढे बांधणीपूर्वी मुखपृष्ठे आणि जाहिरातपृष्ठे वेगळी जतन करावीत, आणि पदव्युत्तर प्रबंधांतून प्रकाशनपूर्व सामग्री दिनांकासह नोंदवली जावी. तर्क खरा ठरला की खोटा, याला अभ्यासाच्या दृष्टीने दुय्यम महत्त्व आहे. ग्रंथ उघडण्यापूर्वी वाचकाने त्याच्याकडून काय अपेक्षिले होते हे त्या तर्कातूनच कळते, आणि ते जाणण्याचे दुसरे साधन बहुधा उपलब्ध नसते.